पावणेदोन तास मोटारीत

मोटारींचं प्रदर्शन बघायला जाताना कोणते कपडे घालावेत, याबद्दल भोपाळच्या टी. टी. नगरातल्या आमच्या ओळीत शेवटपर्यंत एकमत झालं नाही. शेजारचे विश्वासराव साबडे म्हणाले, कोट हवाच. कोट नसला तर मोटारवाले आपल्याला कुणाचा तरी ड्रायव्हर समजतात. त्यांच्या पत्नी शशिकलाबाई म्हणाल्या, कोट घातला तर गिऱ्हाईक समजतात आणि मग सोडत नाहीत. मी मधला मार्ग म्हणून कोट घेतला, पण हातावर. नंतर तो कुठे ठेवावा हा प्रश्न दिवसभर पुरला.

पास साबड्यांनीच दिले होते. ते बांधकाम खात्यात ओव्हरसियर. लाल परेड मैदानावरचे खड्डे त्यांच्या देखरेखीखाली बुजवले गेले होते, आणि त्या बुजलेल्या खड्ड्यांबद्दलची कृतज्ञता म्हणून प्रदर्शनाच्या समितीने त्यांना चार पास पाठवले होते. पासांबरोबर साबड्यांनी सल्लाही दिला. "मोटारीचं दार लावून बघायचं, देवपुजारीसाहेब. 'धप्प' आवाज आला तर माल चांगला. 'खण्ण' आला तर पत्रा पातळ." मी त्यांना म्हटलं, "अहो, मी मोटार घेणार नाही, बघणार आहे." तर म्हणाले, "घेणार नसलो तरी फसायचं नाही."

ही एकोणसाठ सालच्या जानेवारीतली गोष्ट. मी, नीळकंठ देवपुजारी, सचिवालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त होऊन सहा आठवडे झाले होते. छप्पन साली राज्यांची वाटणी झाली, नागपूरची राजधानी गेली, आणि सचिवालयाची कपाटं, फायली, शाईच्या दौती आणि आम्ही असे सगळे मालगाडी-पॅसेंजरने भोपाळला येऊन पडलो. त्यातली कपाटं अजून नोकरीत होती. मला मात्र सरकारी घर महिनाअखेर सोडायचं होतं.

नागपूरहून दादांचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, पत्र आलं होतं. "सरकारचा हुकूम होता म्हणून गेलात. आता हुकूम संपला. घरी या. तुमची खोली झाडून ठेवली आहे." दादांचं पत्र नेहमी तारेसारखं असतं, पण ती खोली त्यांनी स्वतः हातात केरसुणी घेऊन झाडली असणार, हे मला माहीत होतं. माणूस मायेचा आहे. नागपूरच्या घरात अकरा माणसं, आणि त्या अकराही माणसांवर त्यांचा जीव.

लीलावतीने, म्हणजे माझ्या पत्नीने, पत्र वाचलं, घडी घातली, आणि पेट्या पुसायला घेतल्या. चार दिवस पेट्या पुसल्यावर एवढंच म्हणाली, "जायच्या आधी एकदा कुठेतरी जाऊ या का? दोन वर्षांत मी भोपाळचा भाजीबाजार तेवढा पाहिला."

त्याच संध्याकाळी साबडे पास घेऊन आले. नाहीतर मला मोटारींचं काय? मी तिला तलाव दाखवला असता.

फाटकावर पहिली अडचण आली. पासावर चौकशी खिडकीचा शिक्का हवा होता, आणि चौकशी खिडकी फाटकाच्या आत होती. आत जायला शिक्का असलेला पास लागत होता. मी चौतीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस. अशी रचना बघून मला जरा घरच्यासारखंच वाटलं. मी फाटकावरच्या माणसाला इंग्रजीत दोन वाक्यं ऐकवली. तो म्हणाला, "बाबूजी, अम्मा को यहाँ छोड़ दो, आप अंदर जा के ठप्पा लगवा लाओ." म्हणजे लीलावतीला तारण ठेवून मी शिक्का आणावा. मी बाणेदारपणे नकार देणार होतो, तोवर लीलावती बाकावर बसूनही गेली होती. "जा हो तुम्ही. मी ही गर्दी बघते," म्हणाली.

मी शिक्का मारून आणला आणि तिला आत नेलं. आत पंधरा-वीस मोटारी रांगेत उभ्या होत्या. काहींच्या बॉनेटवर झेंडूच्या माळा होत्या. लीलावती प्रत्येक मोटारीपाशी थांबायची, आत डोकवायची आणि पुढे व्हायची. एका हिरव्या मोटारीपाशी मात्र ती हलेना. तिचं मागचं आसन चांगलं ऐसपैस होतं, दोन माणसांनी मांडी घालून बसावं एवढं. कंपनीचं नाव मी घेत नाही, कारण त्यांच्या विक्रेत्याने नंतर आम्हाला चहा पाजला. तो विक्रेता, माथुर नावाचा, टाय लावलेला हसरा गृहस्थ होता. तो म्हणाला, "बैठिए ना माताजी, देखने के लिए ही तो है." आणि त्याने दार उघडून धरलं.

लीलावतीने चपला बाहेर काढल्या आणि मग आत बसली.

माथुर बघत राहिला. मीही बघत राहिलो. आता ही बूट घालून बसायची वस्तू आहे हे मी तिला सांगू शकलो असतो, पण तिचा चेहरा बघून सांगवेना. मग मीही बूट काढले. विनाकारण तिला एकटीला कुणी हसायला नको. माथुरने दार लावलं. 'धप्प' झालं. साबड्यांना कळवायला हवं, असं मी मनात टिपून ठेवलं.

नेमका तेव्हा माझा चष्मा पडला. घाम पुसायला काढला होता तो सीटखाली गेला. मी वाकलो. मला दिसेना म्हणून लीलावती वाकली. आम्ही दोघं तसे खाली डोकी घालून चाचपडत असताना बाहेर कुणीतरी ओरडत आलं, की माथुरचे मोठे साहेब अगोदरच्याच गाडीने आले असून स्टेशनवर उभे आहेत. माथुरने काय करावं? तो आपल्या तिन्ही मोटारींच्या दारांना भराभर किल्ल्या फिरवून, पिशवी घेऊन, स्टेशनकडे पळाला. आम्ही चष्मा घेऊन वर आलो तेव्हा त्याची पाठ गर्दीत नाहीशी होत होती.

मी दार उघडायला हात घातला. आत हँडल नव्हतं. चारही दारांना नव्हतं. काच खाली करायची हँडलंही नव्हती. मागच्या कुठल्याशा गावी लोकांनी दोन-चार हँडलं आठवण म्हणून काढून नेली होती. तेव्हापासून माथुर सगळी हँडलं स्क्रू काढून आपल्या पिशवीत ठेवायचा, हे आम्हाला नंतर समजलं. पिशवी स्टेशनच्या वाटेला लागली होती.

आता काच बडवून आरडाओरडा करायचा हा सरळ उपाय होता. पण चौतीस वर्षांत मी टेबलसुद्धा बडवलेलं नाही. मी लीलावतीला म्हणालो, "येईल तो एवढ्यात." ती म्हणाली, "हो, येईल की." आणि आम्ही दोघं फोटोला बसल्यासारखे ताठ बसून राहिलो. पहिली दहा-पंधरा मिनिटं त्यात गेली. येणारे-जाणारे आमच्याकडे कुतूहलाने आणि बऱ्यापैकी आदराने बघत होते. एका बाईने आपल्या मुलांना काचेतून आम्हाला दाखवून हात जोडायला लावले. लीलावतीने उलट नमस्कार केला. मग एक पान खाल्लेला इसम आला, दोनदा मोटारीभोवती फिरला, आणि आपल्या सोबत्याला अस्सल भोपाळी ढंगात म्हणाला, "को खां, ये बुड्ढे-बुढ़िया गाड़ी के साथ मिल रिये हैं क्या?"

तिथे माझ्या ताठ बसण्याचा शेवट झाला. मी काच बडवली.

पुढच्या दाराला वर एक तिकोनी काच होती, ती चार बोटं उघडी होती. तिच्यातून बोलायचं तर मला मागच्या सीटवर गुडघे टेकून पुढच्या सीटच्या पाठीवर पोटावर लोंबकळावं लागत होतं. त्या अवस्थेत, मागच्या काचेशी जमलेल्या लोकांना माझं जे काही दिसत होतं त्याबद्दल न बोललेलं बरं. सुदैवाने कोट होता. लीलावतीने तो माझ्यावर मागून पांघरला.

एक हवालदार आला. त्याला आधी चपला आणि बूट दिसले, आणि मग आम्ही. तो साबड्यांना घेऊन आला, कारण मी तिकोनी काचेतून साबड्यांचं नाव घेतलं होतं आणि साबडेही प्रदर्शनातच फिरत होते.

साबडे म्हणाले, "घाबरू नका. अजिबात घाबरू नका. आत हवा किती आहे?"

"हवेची तक्रार नाही. दार उघडायची सोय करा."

"काच फोडू?" साबड्यांचा हात खिशात गेला. खिशात काय होतं कुणास ठाऊक. बांधकाम खात्याचा माणूस.

"नको बाई," लीलावती मागून म्हणाली. "नवी मोटार आहे बिचाऱ्यांची."

साबडे समितीच्या तंबूत जाऊन आले. बातमी चांगली होती आणि नव्हतीही. प्रत्येक मोटारीची दुसरी किल्ली समितीकडे मोहोरबंद लखोट्यात होती. परंतु मोटार कंपनीची, मैदान पोलिसांचं आणि लखोटा समितीचा असल्यामुळे लेखी अर्ज आल्याशिवाय मोहोर फोडता येत नव्हती. आणि अर्ज, सेक्रेटरींच्या मते, आतल्या व्यक्तीने करायला हवा होता.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. सहा आठवड्यांत मला कुणी काही लिहायला सांगितलं नव्हतं. साबड्यांनी कागद सुरळी करून आत सरकवला. मी तो गुडघ्यावर ठेवून अर्ज लिहिला: मोटारीतून बाहेर पडण्याची परवानगी मिळण्याबाबत. परिच्छेद तीन, खाली तारीख, डाव्या हाताला समास. अर्ज उत्तम झाला होता. तो दहा मिनिटांत परत आला. इंग्रजीत होता, राज्याचं काम आता हिंदीत चालतं.

माझं हिंदी फायलीतलं आणि लीलावतीचं भाजीबाजारातलं. दोन्ही एकत्र करून आम्ही नवीन अर्ज केला. "प्रार्थी सपत्नीक बंद है," हे वाक्य माझं. "जल्दी करो तो बरा होगा," हे मी तिचं खोडलं. तो अर्जही परत आला. प्रार्थी मोटारीत कुणाच्या परवानगीने बसला, याचा खुलासा नव्हता. तिसरा अर्ज गेला तेव्हा सेक्रेटरी मंत्र्यांच्या स्वागताला गेले होते, कारण मंत्री येत असल्याचं कळलं होतं. सगळी गर्दी तिकडे धावली. साबडेही, "आलोच," म्हणून धावले. जाताना तेवढा तिकोनी काचेतून आम्हाला भुईमुगाच्या शेंगांचा पुडा देऊन गेले. हवालदार आमची पादत्राणं ताब्यात घेऊन गेला.

मग एकदम शांत झालं. ऊन कललं होतं, मोटारीत ऊब होती. आम्ही पाय वर घेऊन बसलो आणि शेंगा सोलायला लागलो. टरफलं लीलावती पदरात ठेवत होती.

"इतका वेळ आपण दोघंच असे कधी बसलो होतो हो?" तिने विचारलं.

मी विचार केला. लग्नाला तेहतीस वर्षं झाली. नागपूरला तर बसणं शक्यच नव्हतं. मुलगी वंदना लग्न होऊन अकोल्याला गेली, पण भोपाळला आलो त्याच्या पाठोपाठ पुतण्या कॉलेजसाठी आला, मग भाचा नोकरी शोधायला आला. दोघं आत्ता कुठे आपापल्या वाटेला लागले होते.

"आता नागपूरला गेलं की तर झालंच," ती हसत म्हणाली. मग म्हणाली, "तुम्हाला आपलं घर मिळेल. दोन वर्षं किती ओढलीत तुम्ही, सरकारने उचलून इथे टाकलं म्हणून."

मी दाणा हातात धरून बसलो. बाहेर जाता आलं असतं तर मी उठून बाहेर गेलो असतो. घरात अशा वेळी मी अंगणात जातो. इथे हँडल नव्हतं.

"सरकारने नाही टाकलं," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"फॉर्म आला होता. कुठे जायचं, मुंबईकडे की इकडे, पसंती लिहा म्हणून. मी भोपाळ लिहिलं. मीच. दादांना सांगितलं, हुकूम आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी समोरच्या सीटच्या शिवणीकडे बघून सांगितलं. त्या वर्षी एकदा ताप आला म्हणून मी दुपारी तीनला घरी आलो होतो. ती स्वयंपाकघरात उभ्याने जेवत होती. गार पिठलं-भाकरी, ताट ओट्यावर, पाय दाराकडे. कुणी हाक मारली तर जाता यावं म्हणून. मला बघितलं आणि तिने ताट झाकलं. तिला लाज वाटली. मी परत बाहेर जाऊन पायरीवर बसलो. एकतीस वर्षं ही अशीच जेवत असेल, आणि मला बसवून वाढत असेल, हे मला तेव्हा समजलं. वहिनी वाईट नाहीत, दादा वाईट नाहीत, कुणालाच काही म्हणता येण्यासारखं नव्हतं. दादांपुढे तोंड उघडायची माझी छाती नव्हती. पुढच्या आठवड्यात तो फॉर्म आला.

लीलावतीने पदरातली टरफलं नीट गोळा केली. मला वाटलं ती रडेल. ती चिडली होती.

"मला का नाही विचारलंत?"

मी चष्मा काढून पुसू लागलो.

"मी सोळा सोमवार केले. ठाऊक आहे? तुम्हाला परत नागपूर मिळावं म्हणून. मीठसुद्धा खाल्लं नाही मी त्या दिवशी. आणि मनातून भीत होते."

"कशाला?"

"देव ऐकेल म्हणून," ती म्हणाली, आणि आता मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला इथे आवडतं हो. सकाळी चहा घेऊन मी मागच्या दारात बसते. कुणी हाक मारत नाही. पहिले सहा महिने मला वाटायचं, मी काहीतरी चोरते आहे. तुम्ही विचारलं असतंत तर तो फॉर्म मीच भरला असता. माझं अक्षर तुमच्याहून बरं आहे."

ते आहेच.

"मग दादांना काय लिहायचं?" मी विचारलं.

"खरं. की आम्हाला इथे राहायला आवडतं."

चौतीस वर्षांत मी हजारो पत्रं लिहिली, पण 'आवडतं' हा शब्द मी कुठल्याही मसुद्यात घातला नव्हता. त्या शब्दाला लागणारा परिच्छेद कसा सुरू करतात हेच मला माहीत नव्हतं. दादांना वाईट वाटेल. ती झाडलेली खोली माझ्या डोळ्यांपुढे आली. लीलावतीला ते कळलं असावं. तिने एक शेंग सोलून दाणे माझ्या हातावर ठेवले. "दिवाळीला जाऊ. महिनाभर राहू," ती म्हणाली. "पण परत येऊ."

नेमक्या अशा वेळी मंत्री आले. पुढे बँड, मागे समिती, आणि घामाघूम झालेला माथुर आपल्या मोठ्या साहेबांसह. साहेब हिरव्या मोटारीपाशी थांबून म्हणाले, की ही मोटार खास भारतीय कुटुंबासाठी तयार केली आहे, आणि माथुरने किल्ली फिरवून दार उघडलं. आत आम्ही. पाय वर, पदरात टरफलं, माझे डोळे ओले आणि अंगावर कोट उलटा.

माथुरचा चेहरा मी विसरणार नाही. पण मंत्री जुने कसलेले. त्यांना वाटलं, ही योजनाच आहे. त्यांनी वाकून हात जोडले आणि लीलावतीला विचारलं, "कहिए माताजी, कैसी लगी गाड़ी?"

लीलावती अनवाणी पाय पदराखाली घेत म्हणाली, "बैठने को बहुत अच्छी है. उतरने को कठीण है."

मंत्री खो-खो हसले, म्हणून समिती हसली. त्यांच्या हसण्यात आम्ही उतरलो, आणि त्याच क्षणी सेक्रेटरींचा कारकून धापा टाकत आमचा तिसरा अर्ज घेऊन आला. मंजूर झाला होता. हवालदाराने बूट-चपला परत देताना पावतीवर माझी सही घेतली. 'मिले, पूरे चार' असं त्याने वर लिहिलं होतं. माथुरने चहा पाजला आणि अठरा वेळा क्षमा मागितली. साबडे मात्र नाराज दिसले. काच फोडली असती तर तासापूर्वीच सुटला असता, असं त्यांचं म्हणणं होतं. मी त्यांना म्हणालो, "तासापूर्वी सुटून चाललं नसतं." ते त्यांना समजलं नाही.

आम्ही टांगा केला नाही. मैदानाच्या पलीकडे जहांगीराबादच्या गल्ल्या लागतात, तिथून चालत निघालो. लीलावती माझ्या दोन पावलं पुढे होती. नागपुरात ती कधी पुढे चालली नव्हती. एका निळ्या दारावर खडूने लिहिलं होतं: 'मकान किराये से देना है'. ती थांबली, वरच्या दोन खिडक्यांकडे तिने मान वर करून बघितलं, आणि मला न विचारता कडी वाजवली.

मेंदी लावलेल्या केसांच्या एका वयस्क बाईंनी दार उघडलं. आमच्याकडे आपादमस्तक बघून त्यांनी विचारलं, "कितने लोग हो?"

"दोन," मी म्हणालो.

"और कितने दिन के वास्ते?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. लीलावतीकडे वळून म्हटलं, "तू सांग."

तिने पदर सारखा केला. एका दमात, आपल्या भाजीबाजारातल्या हिंदीत, तिने त्या बाईंना सांगितलं, "दिन नहीं गिननेके, खाला. अब रहनेके."

खालांनी दाराची दुसरी फळीही उघडली. "तो अंदर आ के देखो ना," त्या म्हणाल्या. "सड़क पे काय को खड़े हो?"